डिझेल गाळणीचे घर बदलताना घ्यावयाची काळजी

शेतमाल बाजारपेठेत नेणारी डिझेलची गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही व वाटेत बंद पडते, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची तक्रार असते. नवी गाळणी बसवूनही दोष राहिल्यास गाळणीचे घर तपासावे. अनेक गाड्यांत ते टाकी व पंप यांच्या दरम्यान, शोषणाच्या बाजूस असते. त्यास चीर पडल्यास डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. उलट हवा आत ओढली जाते. अशा चिरेवर साबण अथवा लांबी लावून वेळ मारून नेऊ नये. घर बदलणेच श्रेयस्कर होय.

हे घर अडचणीच्या जागी असल्यास घाई करू नये. इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी व आड येणारे भाग आधी काढावेत. सभोवारची धूळ पुसून, खुणा करूनच नळ्या सोडवाव्यात. त्यांची तोंडे स्वच्छ टोप्यांनी झाकावीत. सुताचा बोळा कोंबू नये, कारण त्याचे तंतू आत जातात. इंधनपंपाच्या भागांतील फट काही मायक्रॉनचीच असल्याने थोड्याशा कचऱ्यानेही पंप बिघडतो.

नवे घर बसविताना बोल्ट प्रथम हातानेच फिरवावेत, म्हणजे आटे बिघडत नाहीत. वॉशर नवे घालावेत. हवेचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबावा व स्क्रू आवळावा. कॉमन रेल इंजिनाच्या उच्चदाब नळ्यांना मात्र हात लावू नये.

भाजीपाल्याने भरलेली गाडी वाटेत अडण्यापेक्षा सवडीचा अर्धा दिवस या कामी खर्चणे केव्हाही हिताचे.