सोवळे आणि फाँड्यू

स्वित्झर्लंडला जाऊन आलेला मनुष्य बर्फाविषयी बोलतो, घड्याळांविषयी बोलतो; जेवणाविषयी विचारले की "चीज, चॉकलेट" म्हणून मोकळा होतो. मला मात्र तिथल्या फ्रीबूर गावातील एका जुन्या भोजनगृहाविषयीच सांगायचे आहे. गाव सारीन नदीकाठी, कड्यावर वसलेले, बहुतेक फ्रेंच बोलणारे नि थोडे जर्मन. सांडपाण्याच्या वजनावर चढउतार करणारी 1899 सालची डोंगरगाडी येथे अजून चालते. पण ते असो.

2024 च्या ऑक्टोबरात भाचीकडे गेलो होतो. बरोबर माझी आई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आम्ही कोकणातले, मासे खाणारे. तेव्हा खाण्याचा तसा बाऊ नाही. परंतु उष्ट्याच्या बाबतीत आईची शिस्त कडक. भातात बुडालेला चमचा वरणात गेलेला तिला खपत नाही. आणि येथे तर साऱ्या पंगतीने एकाच भांड्यात काटे बुडवायचे!

फाँड्यू म्हणजे 'वितळवलेले'. फ्रेंच क्रियापदाचे सरळसाधे धातुसाधित. जाड बुडाच्या भांड्याला आतून लसूण चोळतात, पांढरी वाइन तापवून तीत किसलेले चीज विरघळवतात, थोडे कॉर्नफ्लॉवर आणि चेरीची किर्श नावाची दारू घालतात. माणशी सुमारे 200 ग्रॅम चीज! मेजावर स्पिरिटच्या शेगडीवर ते रटरटत राहते. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, तळापर्यंत घोळायचा, निथळवून तोंडात घालायचा. फ्रीबूरचे प्रसिद्ध फाँड्यू अर्धे ग्रुयेर, अर्धे वाशरँ. (ग्रुयेर वासराच्या जठरातील विरजणाने बनते, हे कडक शाकाहारी वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

हा पदार्थ 'राष्ट्रीय' कसा झाला, याची कथा मौजेची आहे. चीज वाइनमध्ये शिजवण्याची कृती झुरिकमधील 1699 च्या एका हस्तलिखितात सापडते. पण देशभर त्याचा डंका वाजवला तो 1930 नंतर, चीजच्या व्यापाराचे नियंत्रण करणाऱ्या 'स्विस चीज युनियन'ने. माल खपवायचा होता! 1914 साली जन्मलेली ही संस्था 1999 मध्ये बंद झाली, फाँड्यू राहिले. परंपरा म्हटली की तिचे मूळ शोधू नये म्हणतात. मला तर मूळ कळल्यावर घास अधिक गोड लागला.

खाद्यपत्रिकेत लिहिले होते, 'किमान दोन माणसांसाठी'. एकट्याने हे खायचेच नाही, असा जणू नियम. आईने पत्रिकेकडे नव्हे, शेजारच्या मेजाकडे पाहिले. सहा जण, एक भांडे.

"हे सगळ्यांचं एकच?"

"आजी, काटा ओठांना लावायचा नाही. दातांनी अलगद ओढून घ्यायचं," भाची म्हणाली.

"आणि लागला तर?"

भाची हुशार. तिने दोन भांडी मागवली. जावई आणि मी अर्ध्या-अर्ध्याचे धनी. तिच्यात नि आजीत नुसत्या वाशरँचे. ते वाइनऐवजी पाण्यात, अगदी मंद आचेवर विरघळवतात आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर खातात. भांडे आले, तशी आईने कुणाचाही काटा पडायच्या आत चमच्याने आपला वाटा ताटलीत काढून घेतला. "नैवेद्य आधी काढायचा असतो," एवढेच म्हणाली. वाढपीण हसली, तिला काय समजले कोण जाणे. प्यायला आम्ही गरम चहा मागवला, कारण चीजवर थंड पाणी पिऊ नये, ते पोटात घट्ट होते, अशी तिकडची समजूत. आजीबाईंच्या समजुती सगळीकडे सारख्याच.

बटाटे आईला आवडले. "मीठ बरोबर आहे," म्हणजे तिच्या लेखी मोठेच प्रशस्तिपत्र.

आमच्या भांड्याच्या तळाशी सोनेरी पापुद्रा धरला होता. त्याला तिथे 'रलिज्यूझ', म्हणजे जोगीण म्हणतात, आणि तो सर्वांत चविष्ट मानतात. जावयाने तो खरवडून काढताच आईची मान वळली.

"अगं, ही तर खरवड! दुधाच्या पातेल्याची असते तशी."

"आजी, त्यात आमचे काटे फिरलेत. शिवाय वाइन आहे."

"जळून गेली असेल," आई म्हणाली, आणि ताटली पुढे केली.