बोटांच्या पेरांवर बाराखडी

संगणकाचा कळफलक आणि माऊस टेबलावरून उचलून अंगावर चढवावेत, असे प्रयत्न जगात बरीच वर्षे चालू आहेत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस लोकांपुढे मांडला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टीही होती. पाच कळा वेगवेगळ्या जुळणीने दाबल्या की ३१ खुणा होतात. इंग्रजीची २६ अक्षरे त्यांत मावतात. माऊस घरोघरी गेला, पट्टी मागे पडली. पुढे २००९ साली, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी गळ्यात कॅमेरा व छोटा प्रक्षेपक अडकवून, बोटांना रंगीत टोपणे लावून, नुसत्या हातवाऱ्यांनी संगणक चालवून दाखवला.

यात मराठीचे काय? अमरावती-अकोल्याच्या टायपिंग क्लासात जाणाऱ्या मुलामुलींची लिपिकाची नोकरी मिनिटाला ३० मराठी शब्दांवर अडते, आणि यंत्र मात्र इंग्रजीसाठी घडलेले! आपली लिपी त्यात मागाहून कोंबलेली. अंगावरची यंत्रेही तशीच आली, तर पुन्हा तेच. ३१ खुणांत आपली व्यंजनेसुद्धा मावत नाहीत.

मित्रहो, वाट लिपीतच आहे. आय.आय.टी.च्या 'स्वरचक्रा'त (२०१३) व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती स्वरांचे चक्र उमटते. व्यंजन आधी, स्वर मग. हेच हातावर आणता येईल. अंगठा सोडून चार बोटे, प्रत्येकी तीन पेरे, म्हणजे बारा. आपल्या आज्या याच पेरांवर जप मोजतात. बाराखडीही बाराचीच!

उजव्या हाताच्या पाच बोटांना क ते प हे पाच वर्ग द्यावेत. पहिली टिचकी वर्गाची, दुसरी त्यातल्या अक्षराची. 'गो' हवा, तर उजवा अंगठा, मग मधले बोट. आणि डाव्या अंगठ्याने तर्जनीपासून मोजून नववे, म्हणजे अनामिकेचे तिसरे पेर. 'य'पासून पुढच्या अक्षरांना दोन बोटे एकदम टेकवावीत, जोडाक्षराला डावी मूठ. 'कृषी'तला कृ आणि 'कॉलेज'मधला कॉ यांसारखी रूपे बाराच्या बाहेर राहतात. त्यांना वेगळी खूण शोधावी लागेल.

राहता राहिला हातमोजा. अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तो कोण घालणार? घामाने तारा गंजतील त्या निराळ्याच. त्यापेक्षा अंगठ्याला लोहचुंबकाची एक अंगठी, आणि चुंबक किती जवळ आले हे ओळखणाऱ्या चार अंगठ्या बोटांत, एवढ्यावर भागावे असे मला वाटते.