उबुंटू : थोडक्यात

शब्द : झुलू आणि खोसा भाषांत ‘उमुंटू’ म्हणजे माणूस, ‘उबुंटू’ म्हणजे माणूसपण. शोना भाषेत हेच ‘उन्हू’, सोथोत ‘बोथो’, स्वाहिलीत ‘उटू’.

म्हण : ‘उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू’. माणूस माणूस होतो तो माणसांमुळे.

रोजच्या बोलण्यात : झिम्बाब्वेत सकाळी ‘झोप लागली का?’ असे विचारले की शोना भाषेतले रूढ उत्तर असते, ‘तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली.’

तत्त्वज्ञांची दोन मते
- इफेआनी मेंकिटी (नायजेरिया) : माणूसपण जन्मतः मिळत नाही; समाजात राहून ते कमवावे लागते.
- क्वामे ज्येक्ये (घाना) : समाज महत्त्वाचा, पण व्यक्तीची विवेकबुद्धी आणि हक्क समाजाने दिलेले नसतात.

कायद्यात
- १९९३ : दक्षिण आफ्रिकेच्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात ‘उबुंटू’ शब्द. १९९६च्या राज्यघटनेत तो नाही.
- १९९५ : मक्वान्याने खटल्यात दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाकडून मृत्युदंड रद्द. अनेक न्यायाधीशांच्या निकालपत्रांत उबुंटूचा आधार.
- १९९६ : डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू. वर्णभेदी राजवटीच्या काळात राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण कबुली दिल्यास माफीची तरतूद. अर्ज सुमारे ७,०००. माफी त्यांपैकी थोड्यांनाच.

हक्कांसोबत कर्तव्ये : १९८१च्या आफ्रिकी मानवी हक्क सनदेत कलम २७ ते २९ कुटुंब आणि समाजाप्रति कर्तव्यांची.

संशोधनात हाच विचार : २०१७मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने संशोधकांसाठी आचारसंहिता जाहीर केली. व्यक्तीच्या संमतीखेरीज समाजाची परवानगीही आवश्यक.