रूळ रत्नागिरीत, गाडी दिव्यापर्यंत

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे निघाले की आरे-वारेचे किनारे लागतात. सुट्टीच्या दिवसांत तेथे पर्यटकांच्या मोटारींची रीघ असते. त्याच गावांतील मनुष्यास मुंबईस जायचे झाल्यास मात्र समुद्राकडे पाठ करून प्रथम रत्नागिरी शहर आणि पुढे कुवारबावकडील रेल्वे स्थानक गाठावे लागते. या स्थानकावरून गाड्या पुष्कळ जातात. त्यांपैकी आरक्षणाशिवाय, सामानसुमानासह आणि माफक भाड्यात चढता येईल अशी गाडी कोणती, येथे खरा प्रश्न सुरू होतो.

कोकणास रेल्वे मिळाली तीच मुळी मागणीच्या चिकाटीने. अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै यांनी तो प्रश्न संसदेत नेला. राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून पाच वेळा निवडून गेलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी तो सुटू दिला नाही. १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दोन्ही किल्ल्या एकाच वेळी योग्य हाती आल्या. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम पूर्ण होऊन १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर हा मार्ग सलग सुरू झाला.

व्यापारी कुटुंबांनी या उभारणीचा हिशेब अवश्य पाहावा. महामंडळाच्या भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा रोख्यांद्वारे बाजारातून उभा राहिला. तो भार पेलावा म्हणून प्रवासी भाड्याच्या आकारणीत अंतर ४० टक्के वाढवून धरण्याची पद्धत आली. रूळ १०० किलोमीटर, भाडे १४० किलोमीटरचे! जादा दराने माल घेणारा ग्राहक पेढीवर आला तर त्यास आधी बसावयास जागा देतात. येथे जादा भाडे भरणारा दाराशी उभा राहून प्रवास करतो.

दादर-रत्नागिरी पॅसेंजर ही या प्रवाशाची हक्काची गाडी होती. लहान स्थानकांवर थांबणारी, तिकीट खिडकीवर काढून बसता येणारी. कोरोनाकाळात ती बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती दिव्याहून. लोकल गाड्यांचे वेळापत्रक बिघडू नये, असे कारण पुढे करण्यात आले. ते अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु दादरहून उत्तर भारताकडे विशेष गाड्या सुटू शकतात, तर कोकणाची जुनी गाडी का नाही, या प्रवाशांच्या प्रश्नास समाधानकारक उत्तर नाही. मशीद बंदर वा भुलेश्वर येथून खरेदी करून निघालेल्या छोट्या दुकानदारास गाठोडी घेऊन आधी गर्दीच्या लोकलने दिवा गाठणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. गाडी पुन्हा दादरहून सोडावी, ही मागणी प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली.

भाद्रपदात या अडचणीचा कळस होतो. गणेश चतुर्थी आणि श्वेतांबर परंपरेतील संवत्सरी बहुधा एकाच दिवशी येतात. दशलक्षण पर्वही लगोलग सुरू होते. चाकरमानी मुंबईहून गावाकडे निघतो, त्याच सुमारास कोकणातील जैन कुटुंबे पर्युषणासाठी आप्तांकडे वा गुरुमहाराजांच्या चातुर्मासस्थळी जाऊ पाहतात. त्यात पावसाळी वेळापत्रकामुळे गाड्यांचा वेग कमी. रोहा-वीर पट्ट्यापलीकडे बव्हंशी एकेरी मार्ग असल्याने समोरची गाडी येईपर्यंत पॅसेंजर आडबाजूच्या रुळावर थांबते, आणि वेगवान गाडी तिच्या अंगावरून निघून जाते. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे, तेथे दोन तासांचा उशीर केवळ घड्याळाचा राहत नाही.

पाठपुराव्याने काही घडतच नाही, असे मात्र नाही. संगमेश्वर तालुक्यातील प्रवाशांनी नेत्रावती एक्स्प्रेसचा थांबा मागितला, निवेदने दिली, लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवले आणि २०२२ मध्ये संगमेश्वर रोड स्थानकावर ती गाडी थांबू लागली. हार-तुरे झाले ते झालेच. खरे श्रम त्याआधीच्या कागदपत्रांचे होते. व्यापारी संघांनी अशा निवेदनांवर आपली सही आणि आपल्या मालवाहतुकीचे आकडे जोडले, तर त्या कागदाचे वजन वाढेल. आजवर आपला वर्ग या कामात थोडा मागेच राहिला आहे.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, अशी अट घातली. नाव राहावे, यात दुमत नाही. दुहेरीकरणास निधी मिळेल, स्थानके सुधारतील, अशी आशाही आहे. पण विलीनीकरणाच्या कागदावर भाड्यातील त्या वाढीव ४० टक्क्यांचे काय होणार, हे आरे-वारेहून कुवारबावच्या तिकीट खिडकीपर्यंत आलेल्या प्रवाशास आधी समजले पाहिजे.