लोंढा

पूर दोन तऱ्हांनी येतो. एक पूर सावकाश चढतो. दोन दिवस झड लागलेली असते. पाणी आज घाटाच्या पायरीला लागलं, उद्या देवळाच्या ओट्याला लागेल, असं आपण बोलत असतो. सामानसुमान हलवायला वेळ मिळतो.

दुसरा पूर तसा नाही. नदीत पाऊल बुडेल एवढंच पाणी असतं. बाया धुणी धूत असतात, पोरं वाळूत खेळत असतात. आणि पाच-दहा मिनिटांत पाणी छातीला लागतं. याला आपण लोंढा म्हणतो. सावकाश चढणारा पूर घरदार नेतो. लोंढा बेसावध माणूस नेतो.

हा लोंढा येतो कुठून? पुष्कळ वेळा आपल्या गावात थेंबही पडलेला नसतो. पाऊस पडलेला असतो दूर, नदीच्या वरच्या अंगाला. सावित्री नदीचंच पाहा. तिचा उगम महाबळेश्वरला आहे. तो डोंगर समुद्रापासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. तिथं वर्षाला 200 इंचांच्या वर पाऊस पडतो. तिथून नदी कडे उतरून पोलादपूर, महाड या सखल मुलखात येते. उतारावर पाणी ठरत नाही. छपरावर सर आली की पागोळ्या लगेच गळू लागतात, तसंच डोंगराचं आहे. शेकडो ओहोळ ओढ्याला मिळतात, ओढे नदीला मिळतात, आणि सगळं पाणी एकदम खाली येतं. डोंगरावरची झाडी गेली असेल, नुसता खडक उरला असेल, तर ते आणखी लवकर येतं. म्हणून नदीकाठच्या माणसानं आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून भागत नाही. नदी जिकडून येते तिकडचं आभाळ पाहावं. तिकडं काळं झालं असेल, विजा चमकत असतील, तर इथं ऊन असलं तरी पात्रातून बाहेर यावं.

2024 साली 30 जूनला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब सहलीला आलेलं होतं. ओढ्यातल्या खडकावर ती माणसं उभी होती. पाणी एकाएकी वाढलं. दोन्ही बाजूंनी वाट बंद झाली. सगळी एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली, काठावरची माणसं पाहत राहिली, पण पाण्यानं त्यांना ओढून नेलंच. पाच जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक लहान मुलं होती.

लोंढा यायच्या आधी नदी काही खुणा दाखवते. निवळ पाणी एकदम गढूळ होतं. पालापाचोळा, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो. वरच्या बाजूनं घरघर ऐकू येते, लांबून मालमोटार यावी तशी. यातली एकही खूण दिसली की भांडी, धुणं, चपला जिथल्या तिथं टाकून वर चढावं. एक ध्यानात ठेवा : काठाकाठानं खाली पळू नये. पाणी आपल्यापेक्षा जोरात धावतं. आडवं, उंचवट्याकडे चढावं. वर धरण असेल तर दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवतात. भोंगा ऐकून "अजून वेळ आहे" म्हणू नये.

आता पाण्याच्या जोराविषयी थोडं सांगतो. कारण याबाबतीत भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा पाण्यानं भरला, तर त्या पाण्याचं वजन 1000 किलो होतं. म्हणजे क्विंटल क्विंटलची दहा पोती. वाहत्या पाण्यात अशी दहा-दहा पोती एकामागून एक अंगावर येतात. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून जोराचं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी धडधाकट गड्याचे पाय उपटतं. विहिरीत पोहणारा माणूस इथं टिकत नाही. विहिरीचं पाणी उभं असतं. लोंढ्यात ओंडके येतात, दगड गडगडत येतात.

"माणूस वाहील, पण मोटार कशी वाहील? ती तर लोखंडाची!" असं म्हणणारे आम्हाला नेहमी भेटतात. त्यांनी घरातला रिकामा हंडा विहिरीवर सोडून पाहावा. तांब्या-पितळेचा असूनही तो तरंगतो, कारण आत पोकळ आहे. मोटारही आत पोकळच. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतं. बैलगाडी तर लाकडाचीच. 2016 साली 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात इंग्रजी अमदानीतला दगडी पूल वाहून गेला. काळोखात पूल गेल्याचं कळलं नाही. दोन एस्टी गाड्या उतारूंसकट नदीत गेल्या. एवढ्या मोठ्या गाड्या, पण त्या सापडायला कित्येक दिवस लागले.

आपल्याकडे जास्त घात होतो तो गावच्या फरशीवर. फरशीवरून पाणी चाललेलं असतं. पलीकडे घर दिसत असतं. दिवस मावळत असतो, गुरांची धार काढायची असते. माणूस म्हणतो, "रोजची वाट आहे, डोळे मिटून जाईन." वाट रोजची खरी, पण गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधेच उखडली आहे, हे कुणाला दिसतं? म्हणून फरशीवर पाणी असलं की पाऊल टाकायचं नाही. किती पाणी आहे हे काठी घालून पाहायलाही उतरायचं नाही. ओढ्याचं पाणी जसं झटकन चढतं तसं उतरतंही. पुष्कळदा काही तासांत वाट मोकळी होते. एक रात्र अलीकडे कुणाच्या ओसरीवर काढली तर त्यात कमीपणा नाही. धार घरातलं दुसरं कुणी काढील.

कुणी वाहून चाललाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकाचे दोन जातात. काठावरूनच दोर टाकावा, लांब बांबू पुढे करावा. घट्ट बुचाचा रिकामा डबा किंवा हवा भरलेली ट्यूब फेकली तरी त्याला आधार होतो. स्वतः सापडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा, म्हणजे दगडाचा मार डोक्याला न लागता पायावर जाईल. सरळ काठाकडे झगडू नका, तिरकं सरकत जा. पाणी गोठ्याकडे येऊ लागलं तर गुरांची दावी सोडा. मोकळं जनावर पोहून निघतं, बांधलेलं जागच्या जागी बुडतं.

गावानं पावसाळ्याआधी एक काम करून ठेवावं. फरशीच्या दोन्ही टोकांना खांब रोवून त्यांवर तांबडे पट्टे मारावेत, म्हणजे पाणी किती आहे ते लांबून दिसेल. ग्रामपंचायतीनं दोन्ही काठांची माणसं नेमून द्यावीत. पाणी फरशीवर आलं की त्यांनी बांबू आडवा बांधायचा, रात्र असेल तर कंदील टांगायचा आणि वरच्या व खालच्या गावांना फोन करायचा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077 आहे, पोलिसांच्या मदतीचा 112. हे दोन्ही आकडे चावडीच्या भिंतीवर, सगळ्यांना वाचता येतील असे, मोठ्या अक्षरांत लिहावेत.