गॅरेजमधलं जादा डिझेल इंजिन : ठेवावं, द्यावं की मोडीत काढावं?



अमेरिकेत घराला गॅरेज असतं ते गाडी ठेवायला, हा समज पहिल्या दोन-तीन वर्षांतच दूर होतो. गॅरेज असतं ते "कधीतरी लागेल" या सदरातल्या वस्तूंसाठी! गणपतीचं मखर, सतरंज्या, बंद पडलेली ट्रेडमिल... आणि काही घरांत चक्क एखादं डिझेल इंजिन. हसू नका! १९८० च्या सुमारास इकडे आलेल्या आपल्या बऱ्याच काका लोकांकडे डिझेल मर्सिडीज होती, आणि ती हौशी मंडळी भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळालं की एखादं इंजिन "स्पेअर" म्हणून घेऊन ठेवत. आता घरं विकून लहान अपार्टमेंटमध्ये जायची वेळ आली की दोनशे किलोंहून जड अशा या पाहुण्याचं काय करायचं, यावरून बाप-लेकांत वाद होतात. गेल्या वर्षभरात दोन घरांतून मला याबद्दल विचारणा झाली, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी ओळख पटवा

"जुनं डिझेल इंजिन" एवढ्यावर काहीच ठरत नाही. ब्लॉकवर ठोकलेला नंबर चिंधीने पुसून वाचा. मर्सिडीजच्या इंजिनात पहिले सहा आकडे जात सांगतात. ६१६.९१२ असेल तर ते २४०डी गाडीचं चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं इंजिन. ६१७.९१२ म्हणजे ३००डीचं पाच सिलिंडरचं, ३ लिटरचं, बिनटर्बोचं. ६१७.९५२ म्हणजे तेच, पण टर्बोसहित. ही इंजिनं ज्या डब्ल्यू १२३ गाड्यांत बसत त्या १९७६ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनल्या, आणि त्यांची निगा राखणारे शौकीन आजही आहेत. म्हणजे या इंजिनाला गिऱ्हाईक आहे.

जाता जाता एक गंमत. यातलं ओएम ६१६ हे इंजिन आपल्या मंडळींना परकं नाही. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याने १९८० च्या दशकात हेच इंजिन भारतात बनवायला घेतलं (२००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स). गावाकडे वडापच्या ज्या ट्रॅक्समधून आपण दाटीवाटीने प्रवास केला, तिच्या बॉनेटखाली याच घराण्याचं इंजिन धडधडत होतं! घराणं एक असलं तरी प्रत्येक भाग एकमेकांना बसेलच असं मात्र धरून चालू नका.

हे इंजिन इतकं का टिकतं?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबतात (या इंजिनांत साधारण २१ पट) की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळंच दणकट. शिवाय या जुन्या इंजिनांत कॉम्प्युटर नाही. डिझेलचं माप एक यांत्रिक पंप ठरवतो. वीज लागते ती सुरू करताना, स्टार्टरला आणि ग्लो प्लगला. दिवसभर सॉफ्टवेअरशी झगडणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार सुखाचं वाटतं!

पण याचाच दुसरा अर्थ असा, की इंजिनाचा सगळा जीव दोन गोष्टींत आहे : सिलिंडर दाब धरतो का, आणि पंप ठीक आहे का. बाकी रंग उडाला, गंज दिसला, त्याने फारसं बिघडत नाही.

तपासणी : चार पायऱ्या

१. हाताने फिरतं का? ग्लो प्लग काढा आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टला (या मर्सिडीज इंजिनांना २७ मिमी) सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हळू फिरवा. दोन पूर्ण फेरे अडखळल्याशिवाय झाले तर उत्तम. अडलं तर जोर करू नका. ग्लो प्लगच्या भोकांतून गंज सोडवणारं तेल घालून काही दिवस मुरू द्या आणि मग पुन्हा बघा.

२. तेल काय सांगतं? थोडं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चकाकणारे धातूचे कण असतील तर आत बेअरिंग झिजलंय.

३. दाब धरतं का? गाडीत बसलेल्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट सोपी. पण जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाला बहुधा गिअरबॉक्स नसतो, त्यामुळे स्टार्टर बसवता येत नाही. मग लीक-डाउन टेस्ट करावी. प्रत्येक सिलिंडर आळीपाळीने कॉम्प्रेशनच्या शेवटी, पिस्टन अगदी वर असताना थांबवायचा, आत दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते मापायचं. हवेने क्रँक गर्रकन फिरू शकतो, म्हणून तो पक्का धरून ठेवायचा आणि हात दूर! एकूण गळती २५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन धडधाकट समजावं. थंड इंजिनात ती थोडी जास्त दिसते. खरी मजा पुढे आहे : हवा कुठून निसटते ते कान लावून ऐका. हवा आत घेण्याच्या वाटेने फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, धुराच्या वाटेने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंगा झिजलेल्या. कूलंटमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

४. पंप. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या डिझेलचा चिकटा होतो, पाणी असेल तर गंज धरतो. पंप नव्याने बांधून घ्यायचा खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो. त्यामुळे ब्लॉक चांगला पण पंप बाद, अशा इंजिनाचा भाव एकदम खाली येतो.

एक इशारा. इंजिन जमिनीवर ठेवून "एकदा चालवून बघू" हा मोह टाळा. डिझेल इंजिनाला किल्ली फिरवून ठिणगी बंद करायची सोय नसते. ते थांबतं फक्त डिझेल किंवा हवा तोडून. पंप अडकला तर इंजिन बेफाम पळतं. चालवायचंच असेल तर नीट स्टँडवर, उघड्यावर, जाणकाराला सोबत घेऊन, आणि हवेचं तोंड बंद करायला जाड प्लायवुडची फळी हाताशी ठेवून. उघडा हात किंवा फडकं तिथे चुकूनही नको!

मग पर्याय काय?

*ठेवणे.* स्पेअर हे कशाचं तरी स्पेअर असतं. ती गाडी तुमच्याकडे आहे का आणि ती अजून काही वर्षं चालवणार आहात का, या दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच ठेवा. ठेवायचं तर नीट : ताजं तेल, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल, सगळी तोंडं बंद (उंदरांना इनटेकची नळी फार आवडते), लाकडी पॅलेटवर, आणि वर सुती कापड. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं तर आत दव धरतं. वर्षातून दोनदा हाताने फिरवायचं. पुढे कधी सुरू करताना आधी ग्लो प्लग काढून फिरवा, कारण सिलिंडरमध्ये साचलेलं तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. महिना शंभर डॉलरचं स्टोरेज युनिट घेऊन इंजिन ठेवणार असाल तर वर्षाला बाराशे डॉलर होतात. हिशेब तुम्हीच करा.

*जनरेटर करणे.* वीज गेली की प्रत्येक इंजिनिअरच्या मनात हे येतंच! इथली वीज ६० हर्ट्झ, म्हणजे चार पोलच्या अल्टरनेटरला बरोबर १८०० फेरे लागतात, लोड कितीही बदलला तरी. त्यासाठी गव्हर्नर, शिवाय रेडिएटर, सायलेन्सर, टाकी आणि घराचं वायरिंग बाहेरच्या लाइनपासून तोडणारा ट्रान्सफर स्विच हवा. तो नसेल तर तुमची वीज उलटी जाऊन खांबावरच्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. आणि घराच्या गरजेला हे इंजिन म्हणजे मुंगीला हत्ती. कमी लोडवर डिझेल इंजिन धूर आणि काजळी धरतं. शेतावर जागा आणि हौस असेल तर ठीक, शहरी घरात नाही.

*दुसऱ्या गाडीत बसवणे.* नव्या गाडीत जुनं इंजिन घालणं म्हणजे तिची प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्था काढणं, आणि क्लीन एअर ॲक्टखाली तो गुन्हा ठरू शकतो. कॅलिफोर्नियात १९९७ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉग चेक नाही हे खरं, पण ती सूट गाडीच्या मॉडेलच्या वर्षाला आहे, इंजिनाला नव्हे.

*सुटे भाग विकणे.* पंप, इंजेक्टर, व्हॅक्यूम पंप, स्टार्टर, टर्बो यांना स्वतंत्र मागणी असते. बरेचदा सुटं विकून अख्ख्यापेक्षा जास्त पैसे येतात. मात्र वेळ आणि पॅकिंगची दगदग तुमची.

*दान.* कम्युनिटी कॉलेजच्या ऑटो किंवा डिझेल विभागाला शिकवण्यासाठी इंजिन हवं असू शकतं. आधी फोन करून विचारा. तुम्ही आयटमाइझ करत असाल तर करात वजावट मिळू शकते. २५० डॉलर किंवा जास्त किमतीच्या देणगीला संस्थेचं लेखी पत्र लागतं, आणि वर्षभरातल्या वस्तूंच्या देणग्या ५०० डॉलरच्या वर गेल्या तर फॉर्म ८२८३.

*मोड.* लोखंडाच्या भावाने बहुधा शंभर डॉलरही येणार नाहीत, पण ते लोखंड पुन्हा वितळून कामाला लागतं, हेही वाईट नाही.

शेवटच्या तिन्ही मार्गांत आधी तेल आणि कूलंट वेगवेगळ्या डब्यांत काढा. एका ऑइल चेंजचं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं असं ईपीए सांगते. बरीच ऑटो पार्ट्सची दुकानं जुनं तेल फुकट घेतात. कूलंट चवीला गोड पण विषारी. मुलं आणि कुत्री-मांजरं त्यापासून लांब ठेवा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ती कोरडी खरवडू नका.

एका घरातला निकाल

आपल्या एका काकांकडे ओएम ६१६ होतं. ज्या २४०डीसाठी ते घेतलं ती गाडी २०११ मध्येच विकली गेली होती. मुलगा म्हणे, ट्रक बोलावून नेऊ द्या. काका म्हणत, "अरे, अजून एक थेंब गळत नाही त्यातून!" आम्ही एका शनिवारी लीक-डाउन टेस्ट केली. तीन सिलिंडर छान, तिसऱ्याची हवा मात्र तेलाच्या झाकणातून येत होती. म्हणजे रिंगा गेल्या. काकांनी स्वतः कान लावून ऐकलं आणि वाद तिथेच संपला. मुलगा शंभरदा सांगून जे पटलं नव्हतं ते त्यांच्या इंजिनाने एका फुसफुशीत सांगितलं! पंप, इंजेक्टर आणि स्टार्टर एका शौकिनाने नेले. ब्लॉक आणि हेड कॉलेजने घेतलं, मुलांना उघडून दाखवायला. काका म्हणाले, "भंगारात नाही गेलं, शाळेत गेलं."

गावाकडे असेल तर

काहींचं इंजिन गॅरेजात नसून गावच्या गोठ्यात ताडपत्रीखाली असतं. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा : इंजिन नंबर गाडीच्या आरसी बुकात नोंदलेला असतो. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि विकतानाही नंबर व कागद जुळायला हवेत. भावाला फोनवर "देऊन टाक कुणाला तरी" सांगण्याआधी नंबरचा फोटो मागवा आणि विक्रीची लेखी पावती करा. उद्या ते इंजिन भलत्याच गाडीत सापडलं तर चौकशी तुमच्या दारात येते.

थोडक्यात : नंबर वाचा, हाताने फिरवा, दाब मापा, मगच ठरवा. गाडी असेल तर ठेवा, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला द्या. तोही नसेल तर शाळेला, आणि शेवटी भट्टीला. निर्णय मात्र इंजिन ज्यांनी जपलं त्यांच्या देखत घ्या, त्यांच्या पश्चात नको. इंजिनाचा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो.

कुणाला तपासणी करायची असेल तर मंडळाच्या कमिटीकडे निरोप ठेवा. गेज माझ्याकडे आहे, चहा तुमच्याकडे!