होमी मोदींचं वकीलपत्र

आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. कारण साताऱ्याच्या चिरमुले वकिलांवरचा लेख वाचून गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या बाजारात एका वाचकाने मला अडवलं. म्हणाला, "भाऊ, चिरमुल्यांनी वकिली सोडून विमा कंपनी काढली, बँक काढली, समजलं. पण या बँकवाल्यांचं, गिरणीवाल्यांचं सरकारदरबारी कोन बोलत होता? आन् आमच्याकडून कोन?"

पहिल्या प्रश्नासाठी माझ्याकडे एक लाडका माणूस आहे. त्याच्यावर लिहायची संधी मी बरेच दिवस शोधत होतो.

होर्मसजी पेरोशॉ मोदी, म्हणजे सर होमी मोदी. जन्म १८८१चा. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी मुंबईत काही वर्षं वकिली केली, १९१३ साली महापालिकेत शिरले आणि फिरोजशहा मेहतांच्या वर्तुळात वाढले. १९२१ साली त्यांनी फिरोजशहांचं दोन खंडांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. आता गंमत बघा. १९११ साली सोराबजी पोचखानवालांनी सेंट्रल बँक ऑफ इंडिया काढली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहाच होते. पुढे अध्यक्षपदाच्या त्याच खुर्चीवर त्यांचा हा चरित्रकारही बसला. पण बँकेपर्यंतची त्यांची वाट कापडाच्या गिरण्यांमधून गेली.

मोदींनी वकिली सोडली असं म्हणतात. माझ्या मते त्यांनी फक्त कोर्ट बदललं. विसाच्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष झाले, मग अनेकदा झाले. १९२९पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात होते. आणि तिथे गेले कुठून? एखाद्या शहरातून किंवा जिल्ह्यातून नव्हे. त्या काळी काही व्यापारी संघटनांनाही स्वतःचे मतदारसंघ असत. कायदेमंडळाच्या कामकाजात मोदींच्या नावापुढे कंसात मतदारसंघ छापलेला दिसतो : मुंबई गिरणीमालक संघ. मागच्या दाराने येऊन मंत्र्याच्या कानाला लागायची गरजच नव्हती. अशिलाचं नाव दर भाषणाच्या माथ्यावर. रिझर्व्ह बँकेचं विधेयक १९३३मध्ये चर्चेला आलं तेही याच सभागृहात.

मोदींचं नाव आज आठवतं ते एका करारामुळे, आणि विदर्भाच्या वाचकाने तो करार मुळापासून समजून घ्यावा असा माझा आग्रह आहे. १९३३ साली जपानी कापडाने बाजार भरला होता. सरकारने त्या जूनमध्ये ब्रिटनबाहेरच्या कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. ब्रिटिश कापडावर २५ टक्केच. गिरणीमालक खूश. पण जपानने उलट डाव टाकला आणि भारताचा कच्चा कापूस उचलायचं बंद केलं. जपान हे आपल्या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. मुंबईच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जाणारा आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस तिकडेच जाई. म्हणजे जकातीने संरक्षण मिळालं मुंबईच्या गिरणीला आणि त्याची किंमत मागितली गेली ती यवतमाळ-अमरावतीच्या कास्तकाराकडे.

त्याच साली इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचं शिष्टमंडळ सर विल्यम क्लेअर-लीस यांच्या नेतृत्वाखाली इकडे आलं. २८ ऑक्टोबर १९३३ला मोदी-लीस करारावर सह्या झाल्या. मुंबईवाल्यांनी मान्य केलं की जपानी मालाला रोखायला जेवढी जकात लागते तेवढी ब्रिटिश मालाला लागत नाही, आणि सरकारी तिजोरीची स्थिती सुधारून वाढीव अधिभार काढला गेला तर ते हरकत घेणार नाहीत. बदल्यात लँकेशायरने भारतीय कापसाचा वापर वाढवायला हातभार लावण्याचं कबूल केलं. अहमदाबादचे गिरणीमालक यात नव्हते. राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी मोदींवर टीकेचा भडिमार केला. स्वदेशीच्या काळात लँकेशायरशी सलोखा म्हणजे काय!

मला हा करार आवडत नाही. पण वकील म्हणून बघितलं तर त्यातलं कसब नाकारता येत नाही. मोदींनी एका प्रतिपक्षाशी तडजोड करून दुसऱ्याविरुद्ध दावा मजबूत केला. खटकतं ते वेगळंच. कापूस करारात होता, कापूस पिकवणारा नव्हता. लँकेशायरच्या गिरण्या लांब धाग्याच्या अमेरिकी कापसावर चालायच्या, ऊमरा त्यांच्या फार कामाचा नव्हता. कास्तकाराला खरा दिलासा मिळाला तो जानेवारी १९३४च्या भारत-जपान समझोत्याने. जपानने १० लाख गाठी कापूस घेतला तर ३२.५ कोटी वार कापड इकडे विकू द्यायचं, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. कापडाच्या आयातीला कापसाची खरेदी बांधून टाकणारा हा हिशेब मोदी-लीस करारातल्या सदिच्छेपेक्षा कितीतरी पक्का होता.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, इतकाच हा माणूस असता तर मी त्याच्यावर हप्ता खर्च केला नसता. १९४१मध्ये मोदी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, पुरवठा खातं घेतलं. त्याच मंडळात वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले आपले लोकनायक बापूजी अणे होते, आणि विमा व्यवसायातले नलिनीरंजन सरकार. फेब्रुवारी १९४३मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं २१ दिवसांचं उपोषण सुरू झालं. ब्रिटिश सरकार गांधीजींना सोडायला तयार नाही म्हटल्यावर या तिघांनी एकत्र राजीनामे दिले. टिळकांचा अनुयायी वकील, बंगालचा विमेवाला आणि गिरणीमालकांचा वकील! अण्यांचं एक वेळ समजू शकतं. मोदींना मात्र हे पद सोडून व्यापाराच्या दृष्टीने काही मिळणार नव्हतं.

नंतरचं भरभर सांगतो. टाटा सन्सचं संचालकपद, १९४९ ते १९५२ उत्तर प्रदेशचं राज्यपालपद, सेंट्रल बँकेचं अध्यक्षपद, १९५९नंतर स्वतंत्र पक्ष. मुलगा पिलू मोदी त्याच पक्षातर्फे १९६७ला लोकसभेत गेला. तोवर हवा पालटली होती. १ फेब्रुवारी १९६९पासून बँकांवर सामाजिक नियंत्रणाचा कायदा लागू झाला : मोठ्या बँकेचा अध्यक्ष पूर्णवेळ बँकिंग जाणणारा हवा, संचालकांमध्ये शेती, सहकार, लघुउद्योग जाणणारे हवेत. उद्योगपतीने बँकेच्या अध्यक्षपदी बसण्याचा जमाना तिथे संपला. ९ मार्चला मोदी वारले. १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात सेंट्रल बँक होती. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले रुस्तम कूपर हे सेंट्रल बँकेचेच एक संचालक, आणि त्यांचे वकील पालखीवाला. १० फेब्रुवारी १९७०ला ते १० विरुद्ध १ मतांनी जिंकले. चार दिवसांत राष्ट्रीयीकरणाचा नवा अध्यादेश निघाला. पालखीवालांना स्वतंत्र हप्ता द्यावाच लागेल.

राहिला दुसरा प्रश्न. १९३३ साली एटापल्ली अहेरी जमीनदारीच्या मुलखात, चांदा म्हणजे पुढच्या चंद्रपूर जिल्ह्यात होती. मतदानाला मालमत्तेची अट होती. इथल्या माडिया आदिवासी माणसाच्या नावाने दिल्लीत कोणी उभं राहावं अशी सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. राष्ट्रीयीकरणानंतर जिल्हे अग्रणी बँकांना वाटून दिले गेले, तेव्हा चंद्रपूर बँक ऑफ इंडियाकडे आलं. १९८२ला गडचिरोली वेगळा झाला, तरी बँक तीच राहिली. आज तेंदूचा लिलाव करणारी ग्रामसभा स्वतःचं खातं उघडते आणि कंत्राटदाराशी स्वतः घासाघीस करते. तिच्या वतीने बँकेत बोलायला बहुतेक वेळा गावातलाच दहावी-बारावी शिकलेला पोरगा पासबुक घेऊन जातो. त्याच्या अडचणींची यादी वाचकाने मला लिहून द्यावी. विम्याचा हप्ता त्यानंतर.